‘प्लासिबोइतकंच’ म्हणजे नेमकं कशाइतकं? योनीमार्गाच्या कोरडेपणावरची एक ट्रायल

मागच्या काही पोस्ट प्रयोगशाळेतल्या पेपरांवर झाल्या. या वेळी क्लिनिकल ट्रायल घेऊ, कारण पीएच.डी.च्या मुलाखतीत ‘हा पेपर क्रिटिकली वाचा’ असं सांगितलं की बहुतेक जण सॅम्पल साइझ, पी-व्हॅल्यू आणि ‘लिमिटेशन्स’ एवढ्यावर थांबतात. यातल्या कुठल्याच गोष्टीत जो पेपर पटकन सापडत नाही, असाच मी निवडला आहे. वाईट पेपरची चूक कुणीही दाखवतं. इथे काम चांगलं आहे, आकडे स्वच्छ आहेत, आणि तरीही त्याचा निष्कर्ष लोकांनी जसा वाचला तसा तो निघत नाही.

पेपर आहे कॅरोलिन मिचेल आणि सहकाऱ्यांचा, २०१८ साली ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये आलेला. अमेरिकेतल्या ‘एमएस-फ्लॅश’ नावाच्या संशोधन गटाची ही ट्रायल; पैसा तिथल्या ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंग’चा. प्रश्न साधा होता. पाळी कायमची गेल्यानंतर योनीमार्गात आणि बाहेरच्या भागात जो कोरडेपणा, खाज, आग, दुखणं सुरू होतं, त्यावर इस्ट्रोजेनची गोळी जास्त उपयोगी की दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारं मॉइश्चरायझर? की दोन्हींचा काहीच जास्तीचा फायदा नाही?

आधी शरीरात काय होतं ते थोडक्यात. इस्ट्रोजेन असेपर्यंत योनीमार्गाचं अस्तर जाड असतं आणि त्याच्या पेशींत ग्लायकोजेन साठलेलं असतं. त्यावर लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू जगतात, लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि तिथला पीएच ३.५ ते ४.५ च्या आसपास राहतो. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटलं की अस्तर पातळ होतं, ग्लायकोजेन कमी होतं, लॅक्टोबॅसिलस ओसरतात, पीएच ५ च्या वर जातो. पातळ अस्तर लवकर सोलवटतं. लघवीच्या मार्गाच्या पेशीही इस्ट्रोजेनला प्रतिसाद देणाऱ्या असल्याने तिथेही चुरचुर होते, वारंवार लघवीला जावं लागतं. अंगातून गरम वाफा येण्याचा त्रास बहुतेकींना काही वर्षांनी कमी होतो. हा सहसा होत नाही, उलट वाढतो. आणि नेमका हाच त्रास बायका अंगावर काढतात. डॉक्टरांकडे गुडघे आणि बीपी यांबद्दल सगळं बोलून झाल्यावर, उठता उठता ‘आणखी एक होतं...’ असा विषय निघाला तर निघतो.

पूर्वी याला डॉक्टरी भाषेत ‘अ‍ॅट्रॉफी’ म्हणत. २०१४ मध्ये दोन अमेरिकी संघटनांनी मिळून ‘जेनिटोयुरिनरी सिंड्रोम ऑफ मेनोपॉज’ असं नाव ठरवलं, म्हणजे लघवीची लक्षणंही त्यात आली. हे नाव जिभेवर बसत नाही, पण ‘अ‍ॅट्रॉफी’ ऐकून आपला अवयव वाळून गेला असं वाटण्यापेक्षा बरं.

आता ट्रायल. सिअ‍ॅटल आणि मिनियापोलिस या दोन शहरांतल्या ३०२ स्त्रिया, सरासरी वय ६१. सगळ्यांना खाज, कोरडेपणा, आग, दुखणं यांपैकी किमान एक लक्षण मध्यम ते तीव्र होतं. त्यांचे तीन गट रॅन्डमली पाडले. पहिल्या गटाला १० मायक्रोग्रॅम इस्ट्राडिओलची, योनीमार्गात ठेवायची गोळी आणि सोबत प्लासिबो जेल. दुसऱ्याला प्लासिबो गोळी आणि खरं मॉइश्चरायझर. तिसऱ्याला प्लासिबो गोळी आणि प्लासिबो जेल. १२ आठवडे. प्रत्येकीने सुरुवातीलाच सांगायचं की आपल्याला सगळ्यांत जास्त छळणारं लक्षण कोणतं, आणि त्याची तीव्रता ० ते ३ मध्ये मोजायची. मुख्य आउटकम एवढाच: त्या एका लक्षणाचा आकडा किती उतरला.

गोळी एका गटाला आणि जेल दुसऱ्याला दिलं तर कुणाला काय मिळालं हे लगेच कळेल, म्हणून प्रत्येकीला दोन्ही द्यायचं. याला ‘डबल डमी’ म्हणतात. ब्लाइंडिंगच्या दृष्टीने हे योग्यच आहे, आणि अडचणही इथूनच सुरू होते.

निकाल बघा. सुरुवातीला तीव्रता सरासरी २.४ ते २.५. बारा आठवड्यांनी इस्ट्राडिओल गटात ती १.४ ने उतरली, मॉइश्चरायझर गटात १.२ ने आणि दुहेरी प्लासिबो गटात १.३ ने. इस्ट्राडिओल विरुद्ध प्लासिबो, पी ०.२५. मॉइश्चरायझर विरुद्ध प्लासिबो, पी ०.३१. निष्कर्ष: प्लासिबोपेक्षा जास्तीचा फायदा दोघांतही नाही.

यावर विद्यार्थ्यांची पहिली उडी ठरलेली: ‘पॉवर कमी पडली असेल.’ नाही पडली. हे हाताने तपासता येतं, आणि तपासायची सवय लावून घ्या. इस्ट्राडिओल गटाचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल १.२ ते १.६, प्लासिबो गटाचा १.१ ते १.५. म्हणजे दोन्हीकडे मध्यापासून ०.२ इकडे-तिकडे, म्हणून स्टँडर्ड एरर साधारण ०.१. दोन गटांतल्या फरकाचा स्टँडर्ड एरर दोघांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की ०.१४ च्या आसपास येतो. त्याला १.९६ ने गुणा, ०.२८. फरक ०.१ आहे, म्हणजे खरा फरक ढोबळमानाने उणे ०.२ ते अधिक ०.४ यांच्या मध्ये कुठेतरी. आकडे गोलाकार केलेले असल्याने हे उत्तर नेमकं नाही, पण मुद्दा कळतो. ० ते ३ च्या मापावर ०.४ हून मोठा फायदा या ट्रायलने जवळजवळ नाकारला आहे. ‘फरक सापडला नाही’ आणि ‘मोठा फरक नाही’ यांत अंतर असतं, आणि इथे लेखक दुसरं वाक्य हक्काने म्हणू शकतात.

मग तक्रार काय? मोठा फरक नाही, पण कशाच्या तुलनेत?

प्लासिबो म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे साखरेची गोळी येते. पोटात जाते, विरघळते, हृदयाला किंवा थायरॉइडला तिचं काही देणंघेणं नसतं. इथला प्लासिबो म्हणजे दाट, ओलसर जेल, जे दुखणाऱ्या जागीच नियमित लावलं जातं. आणि तक्रार कशाची आहे? कोरडेपणाची. कोरड्या जागी ओलं जेल लावणं याला तटस्थ म्हणता येईल का? भेगाळलेल्या टाचेवरच्या मलमाची ट्रायल करताना प्लासिबो म्हणून व्हॅसलीन दिलं, आणि मलम त्याच्यापेक्षा सरस ठरलं नाही, तर आपण ‘मलम निरुपयोगी’ म्हणू की ‘व्हॅसलीनही काम करतं’ म्हणू? की ‘टाचा थंडी संपल्यावर आपोआपच बऱ्या झाल्या’ म्हणू? त्या एका ट्रायलवरून तिन्हींपैकी एकही ठामपणे सांगता येणार नाही.

आता तीन गट पुन्हा मांडून पाहा. मॉइश्चरायझरची तुलना कशाशी झाली? दुसऱ्या एका जेलशी. इस्ट्राडिओलची तुलना? ‘जेल अधिक इस्ट्राडिओल’ विरुद्ध ‘नुसतं जेल’. म्हणजे पेपरने सोडवलेला खरा प्रश्न असा: ज्या स्त्रीला जेल मिळतंच आहे, तिला वर इस्ट्रोजेनची गोळी दिली तर १२ आठवड्यांत आणखी किती फरक पडतो? उत्तर: फारसा नाही. हे उत्तर उपयोगी आहे. पण ‘कोरडेपणावर इस्ट्रोजेन चालतं का’ या प्रश्नाचं हे उत्तर नव्हे. ज्या बाईकडे काहीच नाही, जी साबणाने धुऊन धुऊन आणखी आग करून घेते आहे, तिच्यासाठी तर नव्हेच.

जुन्या ट्रायलशी ताडून पाहिलं की हे स्पष्ट होतं. याच १० मायक्रोग्रॅमच्या गोळीची ३०९ स्त्रियांवरची, ५२ आठवड्यांची ट्रायल सायमन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ‘ऑब्स्टेट्रिक्स अँड गायनेकॉलॉजी’त छापली होती. तिथे गोळीविरुद्ध प्लासिबो गोळी, जेल नाही. आणि तिथे इस्ट्राडिओल सरस ठरलं. मग कुणाचं खरं? दोघांचंही असू शकतं. दुसरा मोठा फरक प्रवेशाच्या अटींत आहे. २००८ च्या ट्रायलमध्ये लक्षणांबरोबर पीएच ५ च्या वर आणि वरच्या थरातल्या पक्व पेशी ५ टक्के किंवा त्याहून कमी, अशा मोजून घेतलेल्या अटी होत्या. औषध मंजुरीसाठी अमेरिकी एफडीए मागते ते माप साधारण हेच. मिचेल यांच्या ट्रायलमध्ये स्त्रिया मुख्यतः लक्षणांवर घेतल्या. एका बाजूला औषधाने बदलेल अशी जमीन निवडून घेतलेली, दुसऱ्या बाजूला दवाखान्यात प्रत्यक्ष येणारी मिश्र गर्दी. माझ्या मते दुसरा मार्ग जास्त प्रामाणिक आहे, कारण रोजच्या प्रॅक्टिसमध्ये कुणी पक्व पेशी मोजून औषध लिहीत नाही. पण मग एकमेकांवर ठेवून ‘नव्या ट्रायलने जुनी खोडली’ असं म्हणू नका. तुम्ही लिटरेचर रिव्ह्यू लिहाल तेव्हा ‘निष्कर्ष परस्परविरोधी आहेत’ असं एक वाक्य टाकून पुढे जायचा मोह होईल. विरोध आहे की प्रश्नच वेगळे होते, हे आधी पाहायचं.

बाकी उरतं ते आकड्यांचं नैसर्गिक उतरणं. त्रास मध्यम किंवा तीव्र असेल तरच प्रवेश, अशी अट असली की लोक त्यांच्या वाईट दिवसांत पकडले जातात. काही आठवड्यांनी मोजलं तर काही न करताही आकडा खाली येतो. रिग्रेशन टु द मीन म्हणतात ते हे. त्यात भर म्हणून कुणीतरी दखल घेतली, तपासलं, विचारपूस केली याचा परिणाम. प्लासिबो गटातली १.३ ची घसरण या सगळ्यांची बेरीज आहे: किती जेलच्या ओलाव्यामुळे, किती अपेक्षेमुळे, किती आपोआप. वेगळं करायला चौथा गट लागतो, ज्याला काहीच दिलं नाही असा.

‘असा गट कोण ठेवतं?’ असं विचाराल, तर ठेवलेला आहे. एचआयव्ही रोखण्यासाठी योनीमार्गात लावायच्या जेलवर ‘एचपीटीएन ०३५’ नावाची मोठी ट्रायल झाली. मलावी, दक्षिण आफ्रिका, झांबिया, झिम्बाब्वे आणि अमेरिका इथल्या ३ हजारांहून जास्त स्त्रिया त्यात होत्या. निकाल २००९ मध्ये आले. त्यात दोन औषधी जेल, एक प्लासिबो जेल आणि एक बिनजेलचा गट. कारण हेच, की प्लासिबो जेल स्वतःच संरक्षण देत असेल किंवा इजा करत असेल, तर ते कळायला हवं. शेवटी प्लासिबो जेल आणि बिनजेल या दोन गटांतलं संसर्गाचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं, म्हणजे ‘हे जेल एचआयव्हीच्या बाबतीत तटस्थ आहे’ हे गृहीत न धरता दाखवून दिलं गेलं. कोरडेपणाच्या ट्रायलमध्ये या गटाची गरज खरं तर कितीतरी जास्त होती. बिनजेलच्या गटात ब्लाइंडिंग राहत नाही, हे मान्य. तरी आंधळेपणाने तिन्ही गटांना जेल देण्यापेक्षा एक गट उघड्या डोळ्यांचा परवडला असता.

पेपरसोबत त्याच अंकात एक संपादकीय टिपण आलं. त्याचा सल्ला साधारण असा: नवा पुरावा येईपर्यंत स्त्रियांनी दुकानात मिळणारं सर्वांत स्वस्त मॉइश्चरायझर किंवा ल्युब्रिकंट घ्यावं. खिशाच्या बाजूने हे मला आवडतं, आणि अमेरिकेतल्या औषधांच्या किमती पाहता त्यामागची चीड समजते. पण तर्क पाहा. ‘सगळे प्लासिबोइतकेच’ इथून ‘स्वस्तातलं घ्या’ इथपर्यंत जायचं तर मधे ‘स्वस्तातलं जेल काहीच न लावण्यापेक्षा बरं’ ही पायरी लागते, आणि ती या ट्रायलमध्ये नाही. शिवाय सगळी जेलं सारखी नसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१२ च्या सूचनेत ल्युब्रिकंटची ऑस्मोलॅलिटी शक्यतो ३८० च्या आत, आणि कोणत्याही परिस्थितीत १२०० मिलिऑस्मोल प्रति किलोच्या वर नको, असं म्हटलं आहे. कारण जास्त संहत जेल पेशींतलंच पाणी ओढून घेतं. ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकोल जास्त असलेलं जेल आधीच सोललेल्या जागी आग करू शकतं. ‘स्वस्त’ या शब्दात हे बसत नाही.

जे इस्ट्रोजेनच्या बाजूचे होते त्यांनीही एक घाई केली. ट्रायलमध्ये इस्ट्राडिओल गटातल्या स्त्रियांचा पीएच आणि पेशींची पक्वता खरोखर सुधारली होती. त्यावर बोट ठेवून ‘बघा, औषध काम करतंय’ म्हटलं गेलं. काम करतंय, पण बाईला काय जाणवलं? पीएच कमी झाला म्हणून खाज जास्त कमी झाली नाही. मोजायला सोपं असलेलं माप आणि रुग्णाला हवी असलेली गोष्ट यांतलं हे अंतर इतकं स्वच्छ क्वचितच दिसतं. सरोगेट आउटकमवर प्रश्न आला तर हे उदाहरण वापरा.

आता ‘सर्वांत छळणारं लक्षण’. कल्पना चांगली आहे, कारण प्रत्येकीचा त्रास तिच्या शब्दांत धरला जातो. पण या ट्रायलमध्ये ६० टक्के स्त्रियांचं ते लक्षण संबंधांच्या वेळी होणारं दुखणं होतं, आणि २१ टक्क्यांचं कोरडेपणा. खाज, आग, चुरचुर यांना पहिला नंबर देणाऱ्या थोड्याच उरतात. सरासरी काढली की ती मुख्यतः पहिल्या गोष्टीबद्दल बोलते. सहभागींपैकी ८१ टक्के स्त्रिया लैंगिकदृष्ट्या सक्रिय, ८८ टक्के गोऱ्या, ६६ टक्के कॉलेज शिकलेल्या. दुय्यम आउटकम म्हणून वापरलेली ‘एफएसएफआय’ ही १९ प्रश्नांची प्रश्नावली मागच्या चार आठवड्यांतल्या लैंगिक अनुभवावर बेतलेली आहे, आणि तिच्या बऱ्याच प्रश्नांत ‘संबंध आले नाहीत’ या उत्तराला शून्य गुण आहे. म्हणजे विधवा असलेली, नवरा आजारी असलेली किंवा मनच नसलेली बाई या मापावर आपोआप ‘बिघडलेली’ ठरते, आणि चालताना साडी-परकर घासून होणारी आग मात्र त्यात कुठेच मोजली जात नाही.

हे इथे आणण्याचं कारण आहे. आपल्यापैकी कुणी हा विषय महाराष्ट्रात करायला घेतला, तर हा पेपर उचलून तसाच लावता येणार नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून जास्त शस्त्रक्रियांची नोंद निघाली. नुसतं गर्भाशय काढलं तर पाळी थांबते पण अंडाशय इस्ट्रोजेन करत राहतात. अंडाशयही काढले तर रजोनिवृत्ती दुसऱ्या दिवशीच येते, पस्तिशीतही. अशा बाईचा कोरडेपणा आणि सिअ‍ॅटलमधल्या ६१ वर्षांच्या बाईचा कोरडेपणा यांवर एकच सरासरी लावायला आपल्याकडे आधार नाही. मधुमेहामुळे वारंवार होणारा बुरशीचा संसर्ग, किंवा पांढरे चट्टे आणि रात्रीची खाज देणारा ‘लायकेन स्क्लेरोसस’, हेही याच वयात दिसतात आणि ‘वयाची खाज’ म्हणून सोडून दिले जातात. त्यामुळे ट्रायलच्या प्रवेशाच्या अटींत तपासणी हवीच.

पुरावा सध्या कुठे आहे? २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात ३० ट्रायल होत्या. योनीमार्गातलं इस्ट्रोजेन प्लासिबोपेक्षा लक्षणं कमी करतं असं दिसलं, क्रीम, गोळी, रिंग यांत आपापसांत ठळक फरक नाही, पुराव्याचा दर्जा हलका. २०२४ मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मधला आढावाही इस्ट्रोजेन आणि मॉइश्चरायझर दोन्ही काही लक्षणं कमी करू शकतात असं सांगतो, पुन्हा कमी खात्रीने. मिचेल यांच्या पेपरने हे चित्र पुसलं नाही. घरी आईने किंवा मावशीने विचारलंच, तर माझं वाचन एवढं: साबण, डेटॉल, सुगंधी वॉश बंद, साधं पाणी पुरे, मॉइश्चरायझर ठरावीक दिवसांनी आणि ल्युब्रिकंट गरजेप्रमाणे, एवढ्याने भागलं नाही तर कमी मात्रेचं इस्ट्रोजेन हा पर्याय उभा आहे, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवून, आणि स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारूनच. पाळी गेल्यावर परत रक्त दिसलं तर यातलं काही न करता आधी डॉक्टर.

ज्यांना हा विषय प्रपोजल म्हणून घ्यायचा आहे त्यांनी चार गट आखून बघावेत: गोळी आणि जेल, नुसती गोळी, नुसतं जेल, काहीच नाही. शेवटच्या गटाला १२ आठवड्यांनी उपचार द्यायचे असं लिहिलं तर एथिक्स कमिटीपुढे मांडता येतं. पण त्याच्याही आधी प्रश्नावली. ‘योनीमार्गाचा कोरडेपणा’ हे मी इथे सहज लिहीत गेले; फॉर्मवर हेच लिहिलं तर बऱ्याच जणी ‘नाही’वर खूण करतील आणि दोन मिनिटांनी ‘खाली आग होते, बसवत नाही’ म्हणून सांगतील. ‘कोरडं’, ‘आग’, ‘चुरचुर’, ‘खाज’, ‘सोलल्यासारखं’ यांतला कोणता शब्द कोणती बाई कशासाठी वापरते, हे आधी दहा-वीस जणींशी बोलून ठरवावं लागेल. पायलट स्टडीच्या बजेटमध्ये त्यासाठी वेगळी रक्कम धरा, आणि विचारायला बाईच नेमा.